पाण्यात पाण्याचं वजन

घरी जेवायला आलेल्या जवळपास प्रत्येक पाहुण्याला मी चार-पाच वर्षं एकच भाषण ऐकवलं. ताक-भातापर्यंत माणूस टिकला की माझी सुरुवात व्हायची. अमेरिकेतल्या बोटी बनवणाऱ्या कंपन्यांनी १९८०च्या दशकातले आपले जुने साचे अडगळीतून बाहेर काढावेत, त्यातून पुन्हा तशाच सुटसुटीत बोटी काढाव्यात, वर एक कमान बसवावी आणि वेकबोर्ड खेळू पाहणाऱ्या मध्यमवर्गी कुटुंबांना अर्ध्या किमतीत विकाव्यात. एवढी साधी गोष्ट या लोकांना सुचत कशी नाही? पाहुणे माना डोलवायचे. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात वेकबोर्ड पाहिलेलं नव्हतं. बायको मात्र ‘ताक अजून वाढू का’ असं ज्या सुरात विचारायची, त्यावरून मला कळायला हवं होतं.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच दहा हजार तळ्यांचा प्रदेश असं लिहिलेलं असतं. पण देवगडच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्याच्या तळ्याचं काय कौतुक, अशा तोऱ्यात मी पहिली सहा-सात वर्षं काढली. मग थोरली मुलगी मैत्रिणीच्या घरी जाऊन वेकबोर्ड शिकून आली आणि तोरा संपला. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आडवं उभं राहायचं, हातात वीसेक मीटर दोरी, पुढे तासाला पस्तीस-अडतीस किलोमीटरने धावणारी बोट. बोटीमागे जी लाट उठते तिच्यावर चढून उडी मारायची. लाट जितकी उंच आणि स्वच्छ, तितकी उडी मोठी. हे शेवटचं वाक्य तेव्हा मी नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

मिनिआपोलिसच्या बोटींच्या प्रदर्शनात गेलो. या खेळासाठी खास बनवलेल्या वरच्या दर्जाच्या बोटी दोन लाख डॉलरच्या पुढे होत्या. आमच्या घराचं कर्ज त्याहून फार जास्त नव्हतं. परतताना गाडीत मी गणितं मांडत होतो आणि त्याच आठवड्यात जाहिरात दिसली: १९८७ची बोट, १९ फूट, मधोमध इंजिन, नावाजलेल्या कंपनीची, साडेपाच हजार डॉलर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चुका तिच्या नव्हत्या.

विकणारे आजोबा गोड होते. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं, छान गरम. ‘तुमच्यासाठी तयार ठेवलंय’ म्हणाले. मला त्यांचा चांगुलपणा वाटला. थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं हे गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून ते आधीच गरम करून ठेवतात, ही जगभरातल्या जुन्या बाजाराची पहिली युक्ती. पुण्यात सेकंडहँड स्कूटर घेताना मी इंजिनला हात लावून पाहिला होता. इथे मी बोटीच्या लाल पट्ट्यांना हात लावून पाहत होतो.

माझ्या आजोबांचा पडाव होता. ते दुसऱ्याची होडी पाहायला गेले की आधी हातोडीचा दांडा घेऊन तळाशी बसत आणि एकेका फळीवर टकटक करत पुढे सरकत. कान लाकडाला लावलेला, डोळे मिटलेले. लाकूड कुजलं की आवाज बसका येतो. हे मी लहानपणी दहा वेळा पाहिलं आहे. पण फायबरची बोट म्हणजे प्लास्टिकची बोट, तिला कसलं कुजणं, असं मी गृहीत धरलं. त्या काळच्या बऱ्याच फायबर बोटींच्या पोटात लाकडाचेच लांब उभे वासे असत. इथले लोक त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. इंजिन त्यांच्यावरच बसवलेलं असतं, आणि आजूबाजूच्या पोकळीत फोम भरलेला असतो. तो फोम एकदा पाणी प्यायला की सोडत नाही.

आता थोडं त्या बोटीच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यावर मी जो अन्याय केला तो समजायला ती कशासाठी जन्मली हे सांगायला हवं.

पाण्यावर स्कीइंगचा खेळ मिनेसोटातच सुरू झाला. १९२२ साली लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराने लाकडी फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात वाकवली आणि बोटीमागे उभा राहिला. पुढे या खेळाचं स्पर्धेत रूपांतर झालं. स्लॅलम प्रकारात २५९ मीटरच्या मार्गावर सहा बोयांना वळसे घालत जायचं असतं. बोट पुरुषांसाठी ताशी ५८ किलोमीटरपर्यंत पळते आणि प्रत्येक वळशानंतर खेळाडूला बोटीमागची लाट आडवी कापावी लागते. त्या वेगाला हातभर उंचीची लाट म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधकच. म्हणून स्की-बोट बनवणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सगळी अक्कल एकाच कामाला लागली होती: लाट मारायची. तळ सपाट ठेवायचा, इंजिन बरोबर मध्यावर आणायचं म्हणजे वजन समतोल बसेल, बोट हलकी आणि बुटकी ठेवायची. १९६१ साली करेक्ट क्राफ्टने मायामीच्या लिओ बेंट्झकडून स्की नॉटिकचा साचा घेतला, १९६८ साली टेनेसीत मास्टरक्राफ्ट सुरू झाली, आणि या दोघांची चढाओढ मुख्यतः कुणाच्या बोटीमागचं पाणी जास्त सपाट यावरच चालली.

वेकबोर्ड त्यानंतरचं. टोनी फिनचा स्कर्फर हा बोर्ड १९८५चा, आणि हर्ब ओब्रायनने पाण्यात धड बुडत नाही न् धड तरंगत नाही असा नव्या घडणीचा बोर्ड आणला तो १९९० साली. म्हणजे माझी बोट साच्यातून निघाली तेव्हा ज्याला आपण वेकबोर्ड म्हणतो तो खेळ जवळजवळ नव्हताच. लाट मारण्यात जिने नाव कमावलं, तिच्याकडे मी डोंगराएवढी लाट मागत होतो. गाईला नांगराला जुंपावं आणि वर म्हणावं, कंपन्या पुन्हा अशा गाई का काढत नाहीत!

अगदीच हवेतली कल्पना नव्हती ती. १९९०च्या दशकात या खेळातले भले भले अशाच मधल्या इंजिनाच्या स्की-बोटींमध्ये पाण्याच्या पिशव्या भरून, दोरीच्या खांबाला उंच नळी जोडून खेळले आहेत. मी ते जुने व्हिडिओ पाहिले होते. व्हिडिओत बोट चालवणारा दिसत नाही, आणि तो रोज पाण्यावर असतो हेही दिसत नाही.

पहिल्या दिवशी लाट उठली ती गुडघ्याएवढीसुद्धा नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, हे म्हणजे ताटातल्या वरणावर उडी मारण्यासारखं आहे.” तेव्हा मी नीरम भरायचं ठरवलं. नीरम हा आजोबांचा शब्द. माल उतरवून रिकामा पडाव परतताना कलंडू नये म्हणून तळाशी दगड घालत, ते नीरम. इथे त्यासाठी जाड रबरी पिशव्या मिळतात. पंप बाहेर सोडायचा आणि तळ्याचंच पाणी आत भरायचं. मी १८० किलोच्या दोन घेतल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, अगदी मागच्या कडेला चिकटवून.

आणि इथे माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला माणूस आहे. बोटीच्या सुकाणूशेजारी एक पट्टी चिकटवलेली असते. वीस फुटांच्या आतल्या बहुतेक बोटींना ती इथे कायद्यानेच लागते. माझ्या पट्टीवर लिहिलं होतं: ६ माणसं, ९५० पौंड. म्हणजे साधारण ४३० किलो. बायकोने विचारलं, “या पिशव्या धरून का?” मी म्हणालो, “अगं, पाण्यात पाण्याचं वजन कुठे असतं? ते मोजायचं नसतं.” इतक्या ठामपणे म्हणालो की मलाही पटलं. पिशवी पाण्यात बुडवली तर तिचं वजन जाणवत नाही हे खरं. पण ती बोटीत ठेवली की तिला बोटच उचलते, आणि तितकंच पाणी बाजूला सारेपर्यंत बोट खाली बसते. आर्किमिडीजचा हा धडा आठवीच्या पुस्तकात असतो. माझ्या सातवीतल्या धाकट्याला तो अजून यायचा होता. मला येऊन तीस वर्षं झाली होती.

जुलैतला शनिवार. मी, बायको, सोलापूरचा एक मित्र, आमची दोन आणि त्याची दोन मुलं. सात डोकी आणि दोन पिशव्या. धक्क्यावरून निघताना बायको म्हणाली, “वडाप भरतोयस का?” ती कोल्हापूरची. जीपच्या टपावर माणसं बसलेली पाहत मोठी झालेली बाई जेव्हा असं म्हणते तेव्हा थांबावं. मी हसलो. हट्टाने सगळ्यांना लाइफजॅकेटं घालायला लावली ती तिनेच, मी नव्हे.

लाट मात्र उठली! पहिल्यांदाच खरी, कमरेएवढी. मुलीने उडी मारली, मित्राने शिट्टी वाजवली, मला आजोबा आठवले. दुसऱ्या उडीला ती पडली. मी घाबरून वेग एकदम सोडला. वजनदार बोट धावत असताना मागे पाण्याचा जो ढीग ओढत आणते, तो बोट थांबली म्हणून थांबत नाही. मागून आला आणि आमच्या बुटक्या, खाली दबलेल्या कडेवरून सरळ आत शिरला. एका दमात घोट्यापर्यंत पाणी. तळाचा पंप सुरू केला तर तो नुसता गुरगुरला. नंतर पाहिलं तर त्याच्या तोंडात मेपलचं पान अडकलेलं.

वजन कमी करायचं म्हणून मी काय केलं असेल? पिशवीचं बूच उघडलं. बोटीतच. पिशवीतलं पाणी निदान एका जागी होतं. आता ते मोकळं झालं आणि बोट जिकडे झुकेल तिकडे धावायला लागलं. मुलं किंचाळत एका बाजूला सरकली की पाणी त्यांच्यामागे. मित्र ओरडला, “अरे, बंद कर ते!” बूच कुठे गेलं ते सापडेना.

लांबून एक पाँटून, म्हणजे तराफ्यासारखी सपाट बोट, येताना दिसला. दोन आजी आणि त्यांचा कुत्रा. त्यांनी मुलांना उचलून घेतलं, मग मित्राला, मग बायकोला. बोट हलकी झाली, कड पाण्याच्या वर आली, इंजिन अजून चालू होतं. मी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा त्यातल्या एका आजीने शांतपणे विचारलं, “ती पाण्यात हात वर करून आहे, ती पण तुमचीच का?”

मी मुलीला विसरलो होतो. चार मिनिटं, पाच मिनिटं, किती ते सांगता येत नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ती लाइफजॅकेटमध्ये तरंगत, पाय बोर्डला बांधलेले, हात वर धरून वाट बघत होती. रडत नव्हती. पाँटूनवर चढल्यावर तिने माझ्याकडे न बघता आईला विचारलं, “बोट ठीक आहे ना?”

त्या रात्री मी कुणाशी बोललो नाही. पण त्याहून वाईट गोष्ट मी ऑगस्टमध्ये केली. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत दुसरा एक मित्र भेटला. त्याच्याही पोरांना वेकबोर्डचं वेड लागलेलं. ‘जुनी बोट कशी आहे रे?’ असं त्याने विचारलं आणि मी भाषण सुरू केलं. तेच. साधी यंत्रणा, मजबूत घडण, आजच्या बोटींसारखे पडदे आणि बटणं नाहीत, कंपन्यांनी हीच पुन्हा काढायला हवी. जुलैबद्दल एक अक्षर बोललो नाही. इतकंच नाही, त्याच्यासाठी १९८४ची एक बोट शोधून दिली, विकणाऱ्याशी घासाघीस मीच केली आणि दोनशे डॉलर कमी करून घेतल्याबद्दल त्याच्याकडून जेवणही उकळलं. गणपतीत त्याच्या घरी आरती झाली, मोदक वाटले गेले, आणि माझी मुलगी त्याच्या मुलीला सहज म्हणाली, “आमच्या बाबांनी मला तळ्यात विसरलं होतं.” मित्राने ऐकलं. त्याच्या हातातली आरतीची थाळी खाली ठेवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

सप्टेंबरात मी इंजिनाखालचे बोल्ट घट्ट करायला बसलो. थरथर वाढली होती. पान्याने फिरवला तर बोल्ट फिरतच राहिला, लोण्यात चमचा फिरावा तसा. बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर काळा ओला भुसा आला आणि जंगलात पावसाळ्यात येतो तसा वास. तळाची फरशी कापली तेव्हा खरं कळलं. वासे कुजलेले, फोम स्पंजासारखा निथळणारा. किती वर्षांचं पाणी ती बोट पोटात घेऊन फिरत होती कुणास ठाऊक. म्हणजे जुलैत तिच्यावर नीरम आधीच भरलेलं होतं. मी वरून आणखी ३६० किलो घातले, सात माणसं घातली, आणि पाण्याला वजन नसतं असं सांगितलं.

हिवाळ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं काही नाही, नुसता गाढवपणा आहे. या इंजिनांना थंड करायला तळ्याचंच पाणी ओढलं जातं, आणि थंडीआधी ते इंजिनातून काढून टाकायचं असतं. दसऱ्याला मी बोटीला झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू लावलं, फोटो काढून देवगडला पाठवला. पाणी ‘रविवारी’ काढणार होतो. सलग दोन रात्री पारा शून्याखाली आठवर गेला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. हे मात्र मला माहीत होतं. वसंतात तेलाची कांडी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाचा चहा: इंजिन तडकून पाणी तेलात मिसळलेलं.

वासे बदलले, दुसरं इंजिन आणलं. सगळा हिशेब मी एका वहीत लिहिला आहे आणि ती वही बायकोच्या नजरेला पडू दिलेली नाही. साडेपाच हजारांच्या बोटीला दोन वर्षांत तिच्या तिप्पट लागले, त्यात माझे शनिवार धरलेले नाहीत. या वहीनेच माझं भाषण बंद पाडलं. साचा हाताशी असला म्हणून बोट स्वस्त होत नाही. महाग असते ती माणसाने हाताने अंथरलेली फायबरची एकेक चादर, इंजिन, तारा, पंप. आणि जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन नव्या बोटीत बसवून विकायला आता परवानगीच नाही. २०१०पासून अशा पेट्रोल इंजिनांच्या धुराचे नियम इतके कडक झाले की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय भागत नाही. वर लाट हवी तर वजन हवं, वजन हवं तर ते पेलणारा खोल तळ आणि उंच कड हवी, इंजिन मागच्या टोकाला उलटं बसवून गियरने दांडा परत फिरवायला हवा. इतकं सगळं बदलल्यावर जुन्या साच्यातलं उरलं काय? लाल पट्टे.

पुण्यात बजाजने २०२० साली चेतक परत आणली तेव्हा माझ्या मामेभावाने हौसेने चौकशी केली. किंमत लाखापासून पुढे, आणि चालते विजेवर. नाव परत आलं, आपल्या वडिलांची स्कूटर परत आली नाही. त्याने नावाला हात जोडले आणि बस पकडली. तो माझ्याहून शहाणा.

शिवाय माझी मागणी कंपन्यांनी आपल्या परीने केव्हाच ऐकली होती, मला दिसलं नव्हतं इतकंच. मलिबूने २००९ साली ॲक्सिस काढली, स्कीयर्स चॉइसची मूम्बा त्याच्याही आधीची, मास्टरक्राफ्टने एनएक्सटी आणली. तळ या खेळासाठी बेतलेला, सजावट कमी. स्वस्त म्हणजे तरीही आपल्याला स्वस्त नव्हे, हे वेगळं. पण काटछाट त्यांनी गादीत केली, तळात नाही. मी नेमकं उलटं मागत होतो.

एक गोष्ट मात्र मी अजून सोडलेली नाही. ते पडदे, रंग बदलणारे दिवे, कानठळ्या बसवणारे स्पीकर मला आजही नकोत. जुन्या बोटीत वेग हाताने सांभाळावा लागतो, आणि मला तो कधीच नीट सांभाळता आला नाही. पण चालवणाऱ्याचं लक्ष पाण्यावर राहतं. निदान राहायला हवं.

आणि मोठी लाट काढणाऱ्या बोटी खरंच स्वस्त झाल्या असत्या तर? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ साली मोजून दाखवलं की सर्फिंगसाठी मोठी लाट काढणाऱ्या बोटींनी किनाऱ्यापासून निदान ५०० फुटांवर राहावं. साध्या बोटीची लाट २०० फुटांत जितकी विझते तितकी विझायला यांना एवढं अंतर लागतं. आमचं तळं मधोमध मोजलं तरी फार रुंद नाही. त्या दोन आजींचा धक्का वसंतात मीच जाऊन नीट करून दिला. त्यांनी सांगितलं नाही कशाने मोडला, मी विचारलं नाही.

बोट आता पुन्हा स्कीला वापरतो. पिशव्या काढल्या, व्हिडिओ पाहून बसवलेली दोरीची उंच नळी काढली, तिघंच बसतो. ताशी पन्नासला तिच्यामागे पाणी इतकं सपाट पडतं की इस्त्री फिरवल्यासारखं. मुलगी आता एका स्कीवर जाते, लाट कापताना तिचा गुडघासुद्धा हलत नाही. रबरी पिशव्या परसात आहेत. एकीतून मेथीच्या वाफ्याला पाणी सोडतो, दुसरी फाटली.

मित्राची १९८४ची बोट त्याच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभी आहे. तिचेही वासे कुजलेले निघाले. तो पुन्हा त्याबद्दल बोलला नाही. त्याच्याकडे जेवायला गेलो की मी खिडकीकडे पाठ करून बसतो. मागच्या महिन्यात त्याची बायको म्हणाली, “भाऊजी, नेहमी त्याच खुर्चीत का हो बसता?” मी म्हणालो, पंखा इथे चांगला लागतो. खर्चातला अर्धा वाटा मी देईन, हे अजून बोललेलो नाही.